जावयाच्या पट्ट्याचा बेडूक

मी बेडूक बोलतोय. पण लगेच पावसाचा अंदाज विचारू नका. मी डरावत नाही, उड्या मारत नाही आणि जन्मापासून आजवर एकही किडा माझ्या पोटात गेलेला नाही. माझं हाड पांगाऱ्याच्या लाकडाचं, कातडं मऊ प्लास्टिकचं, डोळे गुंजेचे आणि पोटात सायकलची एक ढिबरी, म्हणजे लोखंडी नट. मरळ नावाचा मासा फसवण्यासाठी एका शेतकऱ्याने मला आपल्या घरी घडवलं. खरे बेडूक मला पाहून अजिबात फसत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. माझं कातडं या घरच्या जावयाच्या कमरेवरून आलेलं आहे. म्हणजे नात्याने मी जावयाकडचा. तेव्हा मी जरा तोऱ्यात बोललो तर चालवून घ्या.

आमचं गाव अर्जुनीच्या पलीकडे. तळ्याच्या बांधावर उभं राहिलं की प्रतापगडचा पहाड दिसतो. मला घडवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव सुखराम, आणि हे तळं त्याच्या खापरपणजोबांनी बांधलं. त्या घराण्याला तळी बांधायचा भारी नाद होता. सुखरामच्या वाट्याला बांधायला तळं उरलं नाही, पण हाताची खाज तीच. घरातली मोडकी वस्तू तो टाकू देत नसे. कंदिलाची मूठ, सायकलचं पायडल, जात्याचा खुंटा, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. काही वस्तू दुरुस्त होत, काही आणखी बिघडत. त्याची बायको धुरपता म्हणे, ‘ह्यायच्या हाती काई देऊ नका, ते खोलून पाह्यतेत.’

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. त्या वर्षी रोवणीची वेळ झाली तरी पाऊस येईना. धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, वाफ्यातच पिवळे पडायला लागले. मग आमच्याकडे करतात तसं गावाने धोंडी काढली. मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधायचा, त्यात एक जिवंत बेडूक अडकवायचा आणि ते मुसळ खांद्यावर घेऊन घरोघर पाणी मागत फिरायचं. प्रत्येक घरची बाई वरून पाणी ओतते. बेडूक भिजला की देवाला दया येते, असा हिशेब आहे. बेडकाला काय वाटतं, ते कुणी विचारलेलं नाही.

त्या दिवशी मुसळ धुरपताच्या खांद्यावर होतं. फेरी संपल्यावर तिने बेडकाला सोडवून तळ्याच्या चिखलात ठेवलं आणि सगळ्यांसमोर बोलून गेली, “बेंडका, पानी आन. वरसभर आमच्या घरच्या गळाले जिता जीव लावनार नाई. हा माजा शब्द.”

पाऊस आला. असा आला की नाल्याला पूर आणून गावाची वाटच बंद करून गेला. रोवणी पार पडली, तळं काठोकाठ भरलं आणि धुरपताचा शब्द तिच्या गळ्यात येऊन पडला.

कारण त्याच पावसात तिची लेक प्रेमिला बाळंत झाली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. मुलगी झाली, गोरीगोमटी, आवाजाने खणखणीत. पण प्रेमिलाचं रक्त फार गेलं. पूर येण्याआधी अर्जुनीच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या, त्या चालू होत्या. तरी पोरगी खाटेवरून उठेना, जेवेना. अंगावर दूधही नीट उतरेना. बाळाला कापसाची वात शेळीच्या दुधात भिजवून पाजत होते. बाळ ती वात चोखायचं आणि फसवणूक लक्षात आली की घर डोक्यावर घ्यायचं.

सुईण म्हणाली, हिला मरळीचा रस्सा पाजा, अंगात ताकद येईल. आमच्याकडे बाळंतिणीला मरळ देतातच. बाजार भरत नव्हता, वाट बंद. उरलं गावचं तळं. सुखराम मंगरू ढिवराकडे गेला. मंगरू गावचा मासेमार, सुखरामच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा दोस्त.

“भाऊ, मरळ तं हाय,” मंगरू म्हणाला. “पन पानी केवढं चढलं, पाहून राहिले ना? ते जाऊन बसली शिंगाड्याच्या वेलात. तेथी जाळं फिरत नाई. गळच टाका लागते, अना गळाले बेंडूक.”

“दुसरं काई?”

“मासोळी लावा. मासोळीबी जितीच लागते. पिठाच्या गोळीले ते ढुंकून पाह्यत नाई. राजेशाही हाय तिची.”

“तू धरून दे मंग. तुज्या गळावर बेंडूक लाव.”

मंगरूने मान हलवली. “तुमच्या चुलीवर चढनार, तं तुमचाच गळ झाला. वैनीचा शब्द आख्ख्या गावानं आयकला हाय. मी नाई त्यात पडत.”

सुखराम घरी आला तो पाय आपटत. “प्रेमिलाची माय, गळाच्या गोष्टीत मले विचारलं तं असतं.”

“विचारलं असतं तं पाऊस आला असता काय?” धुरपता म्हणाली. मग पदर तोंडाला लावून ती भिंतीकडे वळली. लेकीसाठी जीव तुटत होता आणि शब्द मोडायची छाती नव्हती. बेडकाला दिलेला शब्द मोडला आणि त्याचं काही लेकीवर, नातीवर आलं तर काय, ही भीती तिला खात होती. माणसांचा हिशेब मला पुरता कळत नाही. मासा मारलेला चालतो, बेडूक मारलेला चालत नाही. पण खरं आहे, शब्द बेडकाला दिला होता, माशाला नव्हता.

सुखराम रात्रभर कुशी बदलत राहिला आणि सकाळी उठून म्हणाला, “जिता नाई चालत ना? मंग खोटा करतो.”

तर असा माझा जन्म ठरला.

आधी त्याने ओल्या सागवानाचा तुकडा घेतला. सागवान मजबूत, सुखरामचा त्याच्यावर फार विश्वास. छान कोरून पाण्याच्या घंगाळात सोडला, तो सरळ तळाशी जाऊन बसला. बेडूक काही एवढा विचारात बुडत नाही. मग कुंपणाच्या पांगाऱ्याची वाळकी फांदी आली. पांगारा हलका, पोरं त्याची खेळणी करतात. त्यातून कोरून निघालेला तो मी. पाण्यात सोडल्यावर मी तरंगलो खरा, पण पाठ खाली आणि पोट वर करून. मेलेल्या बेडकासारखा. म्हणून पोटात भोक पाडून सायकलची ढिबरी बसवली, तेव्हा कुठे सरळ झालो. पोटात काहीतरी वजन असल्याशिवाय कुणीच सरळ राहत नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

डोक्यापासून शेपटीच्या जागेपर्यंत तांब्याची तार आरपार गेली. तारेच्या टोकाला दोन तोंडांचा गळ बसला, पाठीवरून वर वळलेला, म्हणजे वेलात अडकायचा नाही. दोरा मंगरूने दिला, जाळ्याचा, पक्का.

पण नुसत्या लाकडाला मरळ भुलत नाही. ती तोंडात घेते आणि टणक लागलं की थुंकते. वरून कातडं हवं, मऊ, बोटाने दाबलं की दबणारं. सायकलची ट्यूब लावून पाहिली, ती चपटी बसली आणि मी बेडकापेक्षा चिंचोक्यासारखा दिसायला लागलो. सुखराम डोकं खाजवत घरात इकडेतिकडे पाहत होता आणि त्याची नजर खुंटीवर गेली.

खुंटीवर जावयाचा पट्टा होता.

जावई देवचंद गोंदियाला एका कापडाच्या दुकानात कामाला. शहरात राहून त्याचं बोलणं अर्धं हिंदी झालेलं आणि पोशाख पुरता शहरी. प्रेमिलाला सोडायला आला तेव्हा त्याच्या पॅन्टला प्लास्टिकचा पट्टा होता, पिवळसर, आरपार दिसणारा. गावात तशी वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. लोक येऊन बोट लावून जात. जाताना देवचंद धोतरावरच बैलगाडीत बसला आणि पट्टा राहून गेला. तेव्हापासून धुरपता तो रोज पुसून खुंटीला लावायची. जावयाची वस्तू म्हणजे घरात जावईच बसलाय, असा तिचा भाव.

सुखरामने पट्टा हातात घेतला, वाकवला, दाबला, कानाजवळ नेऊन ताणला. आणि मग, धुरपता बाळाला तेल लावत असताना, तो पट्टा घेऊन गोठ्यात गेला.

त्याची अक्कल पाहा. त्याने अर्धाच पट्टा कापला. उरलेला अर्धा बक्कलसकट परत खुंटीला लावला, कापलेलं टोक भिंतीकडे करून. जावयाला कमी पडला तर म्हणायचं, बापू, शहराचं पाणी मानवलं तुम्हाला.

साच्यासाठी तळ्याची चिकणमाती आणली. पण बेडकाचा आकार मनात नीट उतरेना. तेव्हा तो अंगणातल्या रांजणापाशी बसलेल्या एका लठ्ठ बेडकासमोर जाऊन बसला. दोघं एकमेकांकडे बघत होते. बेडकाला हात लावायची सोय नव्हती. तो जरा वळला की सुखराम मान वाकडी करायचा.

धुरपता दारातून म्हणाली, “लेकीपाशी बसाच्या टायमाले बेंडकापाशी बसून राहिले.”

“लेकीसाठीच बसून राहिलो,” सुखराम म्हणाला आणि मातीवर अंगठा फिरवत राहिला.

साचा दोन फाकांचा झाला, निखाऱ्यात भाजला. माझ्या लाकडावर चाकूने खाचा पाडल्या, म्हणजे कातडं धरून बसेल. लोखंडी पळीत पट्ट्याचे तुकडे टाकून खाली आच लावली. प्लास्टिक वितळताना असा काही वास सुटला की गोठ्यातल्या म्हशीने पाठ फिरवली. सुखराम खोकून खोकून लाल झाला, पण हात काही थांबला नाही. रंगासाठी हळद आणि काजळ. आणि मऊपणासाठी हाताशी होतं ते तेल, टोरीचं. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. त्यांचं तेल घरोघर असतं, दिव्यालाही तेच आणि भाजीलाही तेच.

पळीतला रस साच्यात ओतला, त्यात मला दाबून बसवलं, फाका बांधल्या. थंड झाल्यावर फाका सोडल्या आणि मी बाहेर आलो. मऊ, तुकतुकीत, हिरवट पिवळा. पट्ट्याच्या दोन पट्ट्यांचे मागचे पाय, गुंजेचे लाल डोळे. सुखरामने मला तळहातावर ठेवून दाबलं, सोडलं, परत दाबलं. स्वतःशीच हसला. मला वाटलं, माझं दैव फळफळलं.

पण तळ्यात माझं काही चालेना. सुखराम मला वेलाच्या कडेला टाकायचा, काठीला बारीक झटके द्यायचा, मी पाय हलवत सुंदर पोहायचो. मासे येत, जवळ येत आणि तोंड फिरवून जात. एका मरळीने तर अशी शेपटी मारली की पाणी उडालं, आणि ती पार पलीकडच्या काठाला निघून गेली. रोज हेच. सुखराम वेल बदलायचा, काठ बदलायचा, वेळ बदलायचा. घरी प्रेमिला पेजेचे दोन घोट घेऊन तोंड फिरवायची. आईने बाळ जवळ दिलं की तिला रडू यायचं. “माय, मले काईच येत नाई,” एवढंच म्हणायची.

त्या संध्याकाळी सुखरामने मला धुरपतासमोर टाकलं आणि भिंतीला टेकून बसला. हरलेला माणूस कसा बसतो ते मी तेव्हा पाहिलं. धुरपताने मला प्रथमच हातात घेतलं. उलटसुलट केलं, नाकाशी नेलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“याच्यात तेल कोनतं घातलं?”

“आपलं टोरीचं. काऊन?”

“टोरीची ढेप पान्यात टाकली का मासे उलटे होऊन तरंगतेत. हे गावातलं शेंबडं पोट्टं सांगते. अना तुमी त्याच टोरीचा वास लावून मासे बोलावून राहिले?”

सुखराम बघतच राहिला. तेल काढून उरलेल्या चोथ्याची ती ढेप, तिने मासे झिंगतात हे त्यालाही ठाऊक होतं, पण रोजच्या भाजीच्या तेलाचा संशय कुणाला येणार? वासाने मासे खरोखर पळतात की नाही, ते मी छातीठोक सांगत नाही, मला नाक नाही. पण धुरपताला होतं आणि त्या घरात तेवढं पुरेसं होतं.

“मंग आता?”

“आता कातडं सोला अना जवसाच्या तेलात करा. पट्टा कोठी हाय उरलेला?”

सुखरामचं तोंड उघडं पडलं. “तुले ठाऊक होतं?”

“मी रोज पुसतो ना तो. अर्धाच पुसून राहिलो, हे मले समजत नाई?” धुरपता म्हणाली. मग तिने स्वतःच उठून खुंटीवरचा अर्धा पट्टा काढला. बक्कल तोडून बाजूला ठेवली आणि पट्टा नवऱ्याच्या हातात दिला. जावयाच्या वस्तूवर असा हात टाकायचा म्हणजे त्या बाईच्या जिवावर आलं असणार. पण आतून बाळ रडत होतं.

चाकूने माझं जुनं कातडं सोललं. लाकूड तेच, ढिबरी तीच, म्हणून मी तोच. दुसऱ्या दिवशी जवसाच्या तेलातलं नवं कातडं अंगावर आलं, आधीपेक्षा मऊ. धुरपताने वास घेतला आणि म्हणाली, “जा.”

पुढच्या सकाळी सुखराम आणि मंगरू तळ्यावर गेले. भादव्याची कोवळी उन्हं होती. सुखराम गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने मला शिंगाड्याच्या वेलांमधल्या उघड्या जागेत टाकलं.

पाण्याखालचं फक्त मला दिसत होतं. माझ्या बाजूलाच, वेलाच्या पानांआड, कुणी तिखट सांडावं तसा लाल रंग हलत होता. जवळून पाहिलं तर ती पिल्लं होती, मोहरीपेक्षा थोडी मोठी, हजारो. सगळी एकदम वर येत, हवा घेत आणि परत खाली जात. मी पाय हलवला तशी ती दचकून बाजूला झाली.

आणि खालून मरळ आली. आधीच्या मरळी मला हुंगायला आल्या होत्या, ही तशी आली नाही. सरळ माझ्यावर धावली, डोक्याने मला उडवलं आणि वळून येऊन कडकडून चावली. तिला भूक लागलेली नव्हती. ती रागावलेली होती.

काठी वाकली. सुखराम मागे सरकत, घसरत, ओढत काठाला आला आणि हातभर लांबीची मरळ गवतावर येऊन आपटली. तिच्या तोंडात मी. सुखराम गुडघ्यावर बसून हसत होता. मंगरू मात्र पाण्याकडे बघत होता.

“भाऊ, ते पाहा.”

लाल रंग वेड्यासारखा फिरत होता. एकदा इकडे, एकदा तिकडे.

“लेकरंवाली हाय,” मंगरू म्हणाला. “लाल असतानी आमी नाई धरत.”

सुखराम मरळीकडे बघत राहिला. गवतावर तिचे कल्ले उघडझाप करत होते. मग तो म्हणाला, “माजीबी लेकरंवालीच हाय, मंगरू.”

मंगरू खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “दोघं राखतेत हे. नर अना मादी. एक गेला तं दुसरा राखते. नेऊन टाका घरी.”

सुखरामने मरळ दुपट्ट्यात गुंडाळली. मागे वळून एकदा पाण्याकडे पाहिलं आणि तो घरी निघाला.

धुरपताने थोडी हळद, थोडं मीठ, तिखट नाही, असा रस्सा केला. प्रेमिलाने पहिला घोट तोंड वाकडं करून घेतला, दुसरा सरळ तोंडाने घेतला आणि मग भात मागितला. भात मागितला हे ऐकून धुरपता चुलीपाशीच बसून रडली. दुसऱ्या दिवशी पोरगी भिंतीला टेकून बसली. पूर ओसरला, अर्जुनीची नर्सबाई येऊन सुई देऊन गेली. हळूहळू दूध उतरलं आणि त्या घरातला कापसाच्या वातीचा धंदा बंद पडला. हे मरळीने झालं की गोळ्यांनी, सुईने की बाळाच्या रडण्याने, कुणी सांगावं? सुखराम श्रेय स्वतःला देत होता, धुरपता तिने दिलेल्या शब्दाला आणि मी अर्थातच मला.

वाट उघडली तसा देवचंद आला. आधी बायकोकडे पाहिलं, मग बाळाला असं धरलं की जणू दुकानातली काचेची बरणी. सगळं झाल्यावर कमरेची सुतळी सावरत त्याने हळूच विचारलं, “मामाजी, मेरा पट्टा यहींच राह्यला होता ना?”

धुरपताने पुढे येऊन त्याच्या हातात बक्कल ठेवली. मग सुखरामने मला ठेवलं. मग दोघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. देवचंद एकदा माझ्याकडे, एकदा बक्कलकडे, एकदा खाटेवर हसून हसून वाकलेल्या प्रेमिलाकडे बघत होता. ती कितीतरी दिवसांनी हसत होती. “चलो, काम आया,” एवढंच तो म्हणाला. माझी मान ताठ झाली. शेवटी आमचं रक्त एकच.

पण सुखराम काही खूश दिसत नव्हता. लेक बरी झाली, तरी तो रोज सकाळी तळ्यावर जायचा आणि बांधावरून त्या लाल रंगाकडे बघत बसायचा. रंग होता अजून, पण पाणी गढूळ, खाली काय आहे ते दिसेना. बगळा येऊन बसला की तो ढेकूळ मारायचा.

“आता कायले जाता?” धुरपताने विचारलं.

“दुसरा हाय का नाई, ते पाह्यतो.”

“मंगरूनं सांगतलं ना.”

“सांगतलं. मी पाह्यलो नाई.”

एका सकाळी त्याने मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, पुन्हा शिकार. पण त्याने पकड घेतली आणि माझ्या पाठीवरचा गळ तारेतून सोडवून काढला. नुसता बेडूक उरलो. दोरा बांधून तो मला तळ्यावर घेऊन निघाला. मागून देवचंदही आला, सुतळीवर पॅन्ट आवळत. मामाजींना सकाळी सकाळी झालंय काय, हे त्याला बघायचं होतं.

सुखराम पाण्यात उतरला नाही. बांधावरूनच त्याने मला लाल रंगाच्या कडेला टाकलं. एक झटका दिला. काही नाही. आणखी एक. पिल्लं माझ्याभोवती फिरली, दचकली, वर गेली. पाणी शांत होतं. काठीवरचा सुखरामचा हात खाली आला. त्याचा चेहरा मला इतक्या लांबूनही दिसत होता. त्या दिवशी मला स्वतःच्या लाकडाचा राग आला. मला नुसतं तरंगता येत होतं.

आणि खालून कुणीतरी आलं. काळं, मोठं, आधीच्या मरळीहून दांडगं. डोक्याने माझ्या पोटावर असं आदळलं की ढिबरी खणकली. मी उडालो, पाण्यावर पडलो, तर परत धावून आलं, मला तोंडात धरून झिंजाडलं, थुंकलं आणि पिल्लांच्या खाली जाऊन उभं राहिलं. माझं कातडं फाटलं होतं. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नाही.

“हाय,” सुखराम म्हणाला. दुपट्ट्याने तोंड पुसत तो बांधावर बसला. “राखनारा हाय, जवाईबापू. हाय.”

देवचंदला अर्धं कळलं, अर्धं नाही. तो सासऱ्याच्या बाजूला बसला आणि त्या लाल रंगाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मामाजी, एक बार और डालो ना.”

“नोको. त्याले काम हाय,” सुखराम म्हणाला.

आता साठ साल चालू आहे. प्रेमिलाची मुलगी गोंदियात दुडुदुडु धावते. देवचंदने नवा पट्टा घेतला, तो सासुरवाडीला येताना घालत नाही. मी खुंटीला असतो. एक गुंज पडली, पाठीवर दातांच्या खुणा आहेत, लाकूड बाहेर डोकावतं. गावात माझ्यासारखे आणखी बेडूक झाले, कुणी तुटक्या प्लास्टिकच्या चपलेचे, कुणी पिशवीचे. साचा सुखरामच देतो. तेल मात्र विचारून घेतो.

मी खेळणं नाही आणि नुसतं हत्यारही नाही, म्हणून जाता जाता एक मागणं आहे. मासे धरायला माझी हरकत नाही, मी त्यासाठीच झालो. पण भादव्यात पाण्यावर लाल रंग हलताना दिसला, तर आधी माझा गळ काढा आणि मग मला तिथे टाका. कुणी अंगावर धावून आलं, तर मला फाटू द्या आणि तुम्ही निश्चिंत घरी जाऊन जेवा. पण टाकून टाकूनही कुणीच आलं नाही, तर घरी जाऊ नका. बांधावर बसा. पिल्लं काळी होऊन आपली आपण पांगेपर्यंत कुणीतरी बगळे हाकलायला हवं, आणि त्या वेळी तिथे तुमच्याशिवाय दुसरं कुणी नसेल.